फी शून्य, मग कर्ज कशाला?

परदेशी शिकायला जाणार म्हटलं की लोक पहिल्यांदा इंग्रजीच्या परीक्षेत किती बॅण्ड मिळाले ते विचारतात आणि मग थंडीचे कपडे कुठून घेतले ते. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी चुटकीसरशी झाल्या. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीतून जर्मनीतल्या ब्रेमेनला जाताना सगळ्यात जास्त वेळ, पेट्रोल आणि बाबांचं रक्त आटलं ते सातबारावर. आमची आंब्याची कलमं आहेत, चिऱ्याचं घर आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे. गावात आम्हाला कुणी गरीब म्हणणार नाही. पण बँकेच्या टेबलावर कागद मांडले की आमच्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं.

आधी थोडं पुढचं-मागचं सांगते. मी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी घेतली. हे कॉलेज १९८१ सालचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखालचं. ब्रेमेन विद्यापीठात उष्ण कटिबंधातल्या जलपरिसंस्थांचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे, इसाटेक नावाचा. शिकवणं इंग्रजीत, आणि प्रबंधाचं काम करायला विद्यार्थी उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर जातात. हे आजीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "आपलो दर्या शिकूक थंय कित्याक जावक व्हया?" प्रश्न अगदी बिनतोड होता. मी तिला सांगितलं की ब्रेमेनच्या शेजारी ब्रेमरहाफनला मोठं मासळीचं बंदर आहे. त्यावर तिचा दुसरा प्रश्न, "थंय मासे गावतत काय गो?" गावतात म्हटल्यावर तिची परवानगी मिळाली.

अर्जाबरोबर जे प्रेरणापत्र लावावं लागतं त्याचा पहिला मसुदा मी कॉलेजातल्या सरांना दाखवला. पहिलंच वाक्य होतं, लहानपणापासून मला समुद्राची ओढ आहे. सरांनी त्यावर सरळ आडवी रेघ मारली. म्हणाले, किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराने हेच लिहिलेलं असतं, तू काय पाहिलंस ते लिही. मग मी लिहिलं ते प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीबद्दल. केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी रात्री आमच्या किनाऱ्यावरून लांब समुद्रात उजेड दिसतो आणि सकाळी रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांची, जाळी हलकी येतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, पण त्याच्या हद्दी-नियमांवरून मच्छीमारांच्या बैठकीत अजून आवाज चढतात, तेही लिहिलं. मासे, माणसं आणि नियम यांचं जे त्रांगडं मी ऐकत मोठी झाले तेच तिथे विषय म्हणून शिकवतात, एवढं त्या पत्रातून पोचलं असावं.

गुणांचं गणित मात्र उलटं. आमच्याकडे दहापैकी जितके जास्त तितकं बरं. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. बदलायचं एक सूत्र आहे. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी ७.८ असतील आणि उत्तीर्ण व्हायला ५ लागत असतील तर उत्तर येतं २.३२. हे पहिल्यांदा काढलं तेव्हा बाबा कागदाकडे बघून म्हणाले, "एवढे शिकून अडीच पण नाय?"

त्याच्या जोडीला एपीएसचं प्रमाणपत्र. भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी ते नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालं. दिल्लीतलं कार्यालय आपली दहावीपासूनची कागदपत्रं तपासतं आणि ती खरी असल्याचा निर्वाळा देतं. शुल्क १८,००० रुपये. माझ्या मते अर्ज करायच्या आधीच, शेवटच्या सत्राचा निकाल हातात पडताच, हे करून टाकावं. प्रवेशपत्र आलं आणि एपीएस नाही, म्हणून एक सत्र वाया गेलेले लोक मला माहीत आहेत. इंग्रजीची परीक्षा पुण्याला मावसबहिणीकडे राहून दिली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बोलण्याच्या परीक्षेत तुमच्या भागातल्या एखाद्या सणाबद्दल सांगा असा विषय आला, आणि गणपतीवर कोकणातल्या माणसाला कुणी थांबवू शकतं का?

आता पैशांचं.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांप्रमाणे ब्रेमेनलाही शिकवणी शुल्क नाही. सत्राला काहीशे युरो भरायचे, त्यात विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पासही येतो. हे ऐकून घरात आनंदीआनंद झाला होता. पण व्हिसा हवा असेल तर एक वर्षाच्या राहण्या-जेवणाचे पैसे आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावे लागतात. २०२५ च्या हिवाळी सत्रासाठी ही रक्कम ११,९०४ युरो होती. तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मोकळे होतात. युरो तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे साडेअकरा लाखांच्या वर, तेही एकरकमी. त्यात तिकीट, विमा, सुरुवातीची अनामत, आणि दुसऱ्या वर्षी तिथे राहण्याचा परवाना वाढवताना पुन्हा पैसे दाखवायचे ते वेगळे.

आंब्याचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तो यायच्या आधीच खत, फवारणी, राखणदार आणि पेट्यांमध्ये वाटून गेलेला असतो. तेव्हा कर्ज. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जाची साधारण रचना अशी: चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्याच्या वर गेलात की तारण हवं. परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के रक्कम आपण घालायची. काही बँका ठराविक नामांकित विद्यापीठांसाठी तारणाशिवाय जास्त देतात. आम्ही गेलो त्या बँकेच्या यादीत आमचं विद्यापीठ नव्हतं.

पहिला खोळंबा तारणाच्याही आधीचा. बँकेच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना शिकवणी शुल्काचा. मी शून्य लिहिलं. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "फी शून्य, मग कर्ज कशाला?" त्यांचं चुकत नव्हतं. त्यांची सगळी पद्धत फी थेट कॉलेजच्या खात्यात भरण्याची. इथे कॉलेज काही मागत नव्हतं आणि मुलगी म्हणत होती, पैसे माझ्याच नावावरच्या परदेशी खात्यात टाका. मी विद्यापीठाचं प्रवेशपत्र, खर्चाचा अंदाज आणि जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावरचं गोठवलेल्या खात्याचं पान, असं छापून नेलं. त्यांनी ते वरच्या ऑफिसला पाठवलं. वरच्या ऑफिसने हाच प्रश्न पुन्हा विचारला. मी तीच पानं पुन्हा दिली, या वेळी पिवळ्या पेनाने ओळी रंगवून. ते रंगवणं कामाला आलं असं मला आजही वाटतं.

तारण म्हणून बाबांनी उत्साहाने सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो, त्याबद्दल सरकारचे आभार. पण उतारा उघडला आणि मोबाइलवर बोटाने वर सरकवत राहावं लागलं. पणजोबांच्या भावांची नावं, त्यांच्या मुलांची, एका चुलतआजोबांचं नाव ज्यांना जाऊन दोन पिढ्या झाल्या, लग्न होऊन मुंबईला गेलेल्या आत्या, आणि इतर हक्कात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. सगळं सामाईक. कुठली कलमं कुणाची हे वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. मधला गडगा, काजूचं झाड, वहाळ, त्या पलीकडे धाकट्या घरची. उताऱ्यावर यातलं काही नाही. वर आमचं तिथलं आडनाव जुनं, घराण्याचं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आणि बाबांच्या आधारवर गावावरून पडलेलं आडनाव. म्हणजे कागद पाहणाऱ्याला आम्ही त्या जमिनीचे कुणीच नव्हतो.

तलाठ्यांकडे गेलो. त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पाटीही तशी लागली आहे, पण गावाच्या तोंडी तलाठीच. त्यांनी टेबलाच्या कडेला ढकललेल्या फायलींकडे हात करून सांगितलं, आधी आजोबांची वारस नोंद करा, मग वाटपाचं बघू. वाटपाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती. त्यातले दोघे बडोद्याला, एक कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्याबरोबर आलेले शेजारचे तात्या बराच वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "ही जमीन कोणाची ती अख्ख्या गावाक म्हायत आसा. मगे कागद कित्याक व्हयो?" तलाठी हसले. त्यांनी चहा मागवला. कागद मात्र हवाच होता.

आणि गंमत पुढेच आहे. हे सगळं करून एकट्या बाबांच्या नावाचा सातबारा झाला असता तरी बँकेने तो तारण म्हणून घेतला नसता. कारण बँका थकीत कर्जाची वसुली ज्या कायद्याने करतात त्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, कलम ३१ मध्ये. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की लाखो रुपयांची कलमं बँकेच्या तराजूत शून्य भरतात. बिनशेती जमीन चालते. आमचं घर? ते शेतजमिनीतच. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यात त्याची नोंद आहे, पण तो उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असं बँकेच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बाबांच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या. म्हणून ज्यांची सगळी मालमत्ता शेतीच आहे त्यांनी बँकेत पाय ठेवताच पहिला प्रश्न हा विचारावा: तारण म्हणून काय चालत नाही?

उत्पन्नाच्या पुराव्याचंही तेच. शेती उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बाबांनी कधी विवरणपत्र भरलेलं नाही. सहकर्जदार म्हणून बँकेला ते हवं. शेवटी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि वाशीच्या दलालाकडून आलेल्या पट्ट्या उपयोगी पडल्या. बाबा दर वर्षीच्या पट्ट्या सुतळीने बांधून फडताळात ठेवतात. किती पेट्या गेल्या, काय दराने, हमाली किती, भाडं किती, तोलाई किती. साहेबांनी ते गठ्ठे सोडले तेव्हा त्यांतून गवताच्या काड्या टेबलावर पडल्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत, आधी एक पट्टी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "दर एवढा पडतो होय शेवटी?" त्यानंतर त्यांचा सूर जरा बदलला.

सुटका केली ती डोंबिवलीने. कोकणातल्या प्रत्येक घराची एक मुंबईची खोली असते. आमच्यासाठी ती आत्याची. आत्या आणि तिचे यजमान गिरणगावातून डोंबिवलीला गेले तेव्हा घेतलेला वन रूम किचन, दोघांच्या नावावर, सोसायटी नोंदलेली. बाबा तिला विचारायला तयार नव्हते. बहिणीच्या डोक्यावर छप्पर आहे तेच गहाण टाकायचं, हे त्यांच्या जिभेवर येईना. शेवटी आजीने फोन लावला. काय बोलली ते मला कळू दिलं नाही, मला माडीवर कपडे आणायला पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी आत्याचा मला फोन, "सोसायटीचा सेक्रेटरी रविवारीच भेटतो, एनओसीचा नमुना तुझ्या बँकेकडून मागून घे." एवढंच.

डोंबिवलीचा फ्लॅट म्हणजेही सरळ रस्ता नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, पहिल्या मालकापासूनचे करारनामे सलग आहेत का, इंडेक्स टू म्हणजे करार नोंदल्याचा सरकारी उतारा, शेअर सर्टिफिकेट, मेन्टेनन्स थकलेला नाही याचा दाखला, वकिलांचा शोध अहवाल, मूल्यांकन. आत्याने हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत, प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. तिचा मुलगा थोडा नाराज होता, आणि मला तो चुकीचा वाटला नाही. मी उद्या नोकरी नाही मिळवली तर घर त्यांचं जाणार. मी त्याच्याशी स्वतः बोलले, परतफेड कधी सुरू होते, तोपर्यंत व्याजाचं काय, हे कागदावर मांडून दाखवलं. अभ्यासक्रमाची मुदत आणि वर एक वर्ष असा हप्त्याला अवधी असतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत राहतं. बाबा ते व्याज दर महिन्याला भरणार असं ठरलं. नात्यात उपकार घ्यायचा असेल तर आकडे समोर ठेवून घ्यावा. गोड बोलून घेतलेला उपकार फार महाग पडतो.

कर्ज मंजूर झालं आणि मग पैसे पाठवण्याचा भाग चार ओळींचा. परदेशी पैसे पाठवताना शिक्षणासाठी दहा लाखांच्या वरच्या रकमेवर उगमी कर (टीसीएस) वसूल केला जातो, पण बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून तो नाही. म्हणून कर्जाचे पैसे आणि घरचे पंधरा टक्के यांचे वेगळे कागद ठेवले. ज्या दिवशी पैसे पाठवायचे त्या दिवशी वाडीत वीज नव्हती. मी आणि बाबा देवळाच्या पायरीवर बसून ओटीपीची वाट बघत होतो, कारण रेंज तिथेच मिळते. गुरवकाका विचारून गेले, नवस वगैरे आहे का. बाबा म्हणाले, होय, बाराएक लाखांचा.

व्हिसासाठी मुंबईला जायचं ते जुलैत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, दरड आली तर सगळंच ठप्प. म्हणून भेटीच्या वेळेच्या दोन दिवस आधी डोंबिवली गाठली. हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. ठरलेली वेळ चुकली तर पुढची लवकर मिळेलच असं नाही. शुल्क ७५ युरो, रुपयांत घेतात. केंद्रात आत गेल्यावर बोटांचे ठसे, कागदांची छाननी, आणि खिडकीमागची मुलगी एकेक कागद यादीप्रमाणे लावून घेते. माझ्या फाइलमध्ये घरच्यांनी हौसेने घातलेला ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, पोलीस पाटलांचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणि शाळेत वक्तृत्वात मिळालेलं प्रशस्तिपत्र होतं. तिने ती तिन्ही शांतपणे परत दिली.

फोटोची मात्र खरी कथा आहे. ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, चेहरा सरळ, हसायचं नाही. आमच्या बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत मी हे सगळं लिहून नेलं. त्यांनी फोटो काढला अगदी बरोबर. पण हातात दिला तेव्हा मी चांगली दोन छटा गोरी झाले होते आणि हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण गायब. म्हटलं, काका, हा व्रण परत लावा. त्यांना वाईट वाटलं. "लग्नाच्या फोटोत लोक काढायला सांगतात, तू पहिलीच लावायला सांगणारी," असं म्हणत त्यांनी मूळ फाइल शोधली.

व्हिसा येईपर्यंत खोली शोधली. ब्रेमेनमध्ये विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षा यादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच तिथे नाव घालावं. बाहेर शोधताना एक नियम पाळला: खोली कॅमेऱ्यावर फिरवून दाखवल्याशिवाय आणि करारावर नाव बघितल्याशिवाय अनामत नाही. परगावात असलेला मालक, किल्ली कुरिअरने पाठवतो, आधी पैसे भरा, असे निरोप मलाही आले. आणखी एक गोष्ट घरमालकाला आधीच विचारायची, तुम्ही राहत असल्याचं लेखी देणार का? जर्मनीत पोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला हा कागद लागतो. पत्ता नोंदला नाही तर पुढचं बरंचसं अडतं. शिवाय दर घराला महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचं शुल्क असतं, घरात टीव्ही असो वा नसो. हे ऐकून आजोबांच्या काळातल्या रेडिओच्या लायसनची आठवण आजीने काढली. तेव्हा निदान रेडिओ तरी होता, म्हणाली.

विम्याचं थोडक्यात: प्रवासाचा विमा तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्याची मुदत सुरू होईपर्यंतचा, आणि सार्वजनिक विमा कंपनीकडून विद्यापीठाला थेट संगणकावर निरोप जातो, त्याला एम१० म्हणतात. तो गेल्याशिवाय नोंदणी पुरी होत नाही. दात दाखवून घ्या, चष्मे दोन करून घ्या. याहून जास्त आरोग्यावर सांगण्यासारखं नाही.

बॅगेवर मात्र सांगते, कारण त्यावरून घरात जवळजवळ भांडण झालं. विमानाची तारीख मी गणपतीनंतरची घेतली होती. त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि वर्ग ऑक्टोबरात. गणपती टाकून गेले असते तर आजीने मला घरात घेतलं नसतं. पण त्याचा परिणाम असा की आरतीला आलेला प्रत्येक पाहुणा एक पुडी घेऊन आला. आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, फणसपोळी, सोडे, सुके बांगडे, घरचं तूप, पेढे, कढीपत्ता. ओसरीवर ढीग. बाबा काजू मोजायचा काटा घेऊन बसले आणि मी नियम वाचू लागले.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप आणि पेढे बाद. मोठ्या काकींचा चेहरा पडला, तूप त्यांनी स्वतः कढवलं होतं. मासे मात्र माणशी वीस किलोपर्यंत चालतात, सुकेही. सोड्यांना जर्मनीचा दरवाजा उघडा आणि साजूक तुपाला बंद, हे ऐकून घरात ज्या हसण्याच्या उकळ्या फुटल्या त्यात काकीही सामील झाल्या. ताजी फळं, पाला, भाजी यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे कढीपत्ता गेला. हापूसचा तर हंगामच नव्हता, पण असता तरी पिशवीतून नेता आला नसता. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीवरून युरोपने आपल्या आंब्यावरच बंदी घातली होती, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. बाबांना ते वर्ष चांगलं आठवतं, निर्यातीचा माल वाशीला उतरला आणि भाव कोसळला. प्रमाणपत्राशिवाय चालतात अशी फळं फक्त पाच: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ ऐकताच आजी उठून असोला नारळ घेऊन आली. त्याला किलोभर वजन. सुकं खोबरं तर विमानवालेच बॅगेत घालू देत नाहीत, त्यातल्या तेलाने पेट घेण्याचा धोका म्हणून. काट्यावर २३ किलो झाले की काहीतरी बाहेर काढायचं, असं करता करता जाड पुस्तकं राहिली, कुकर गेला. नारळ सोलून, शेंडी ठेवून, बॅगेत बसला.

परतीच्या गर्दीत कणकवलीहून मुंबईचं आरक्षण मिळणं ही आणखी एक परीक्षा. आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीनंतरच्या गाड्या सकाळी आठच्या ठोक्याला भरतात. माझं तिकीट वेटिंगवरच राहिलं. शेवटी चाकरमान्यांच्या खासगी गाडीत, दोन कुटुंबं, एक मृदंग आणि माझ्या बॅगा असं आम्ही निघालो. कागदांची फाइल पायांत न ठेवता मांडीवर घेतली होती. मूळ गुणपत्रिका, एपीएस, प्रवेशपत्र, खोलीचा करार, विम्याचा कागद, गोठवलेल्या खात्याची पावती, आणि या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. बॅग हरवली तर कपडे मिळतील, हे मिळणार नाहीत.

राहता राहिले खर्चाचे पैसे. गोठवलेल्या खात्यातला पहिला हप्ता लगेच हाती पडत नाही. तिथे जाऊन चालू खातं उघडायचं, ते जोडायचं, त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि खोलीचं भाडं व अनामत मात्र पहिल्याच आठवड्यात. म्हणून फॉरेक्स कार्डावर दीड महिन्याचे पैसे आणि हातात थोडे रोख युरो असे घेतले. रोख नोटा बाबांनी पुन्हा पुन्हा मोजल्या. मग त्यांतली पन्नासची एक नोट उजेडाला धरून बघितली आणि परत पाकिटात घालताना विचारलं, "याच्यावर कोणाचा फोटो नाय?" मी म्हटलं, नाही, नुसते दरवाजे नि पूल. ते म्हणाले, "बरा आसा. भांडण नाय."